गुप्त लिपी आणि खुली संहिता

महानुभाव पंथाने चौदाव्या शतकाच्या सुमारास आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक यांसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवण्याचा प्रघात पाडला आणि विदर्भातील रिद्धपूरपासून पंजाबपर्यंतच्या मठांत त्या पोथ्या शतकानुशतके जपल्या गेल्या. सकळ लिपीत नागरीतील प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. हा अदलाबदलीचा तक्ता ज्याला ठाऊक त्याला पोथी सहज वाचता येते, आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याला, तो कितीही साक्षर असला तरी, समोरची ओळ निरर्थक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती ही किल्ली आली, आणि त्यानंतर या वाङ्मयाच्या संशोधनाचे एक मोठे केंद्र नागपूर झाले: ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ या पंथाच्या आद्य ग्रंथाचे भाग इथूनच प्रसिद्ध केले, तर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची प्रत १९७८ साली निघाली.

या लिप्यांत गुपित होते ते पद्धतीतच. नेमक्या याच रचनेवर १८८३ साली ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषाशास्त्रज्ञाने बोट ठेवले. लष्करी सांकेतिक लेखनाविषयी लिहिताना त्याने असा दंडक घातला की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, जी हवी तेव्हा बदलता येते. आजचे कूटलेखनशास्त्र, म्हणजे मजकूर परक्याला वाचता येऊ नये अशा रूपात बदलण्याचे शास्त्र, याच दंडकावर उभे आहे. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा व्यवहार ज्या कोडमुळे सुरक्षित राहतो तो कोड बहुधा कोणालाही वाचता येतो. इतर प्रोग्रामांनी आयता वापरावा अशा कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. १९९८ पासून चालत आलेली ‘ओपनएसएसएल’ ही अशीच एक मुक्तस्रोत लायब्ररी असून जगभरातील असंख्य सर्व्हर तिच्यावर विसंबून आहेत.

परंतु संहिता खुली असणे आणि ती वाचली जाणे यांत मोठे अंतर आहे, आणि लायब्ररीची देखभाल करणाऱ्यांचे खरे काम या अंतरातच चालते. हे काम लेखनाचे कमी आणि वाचनाचे जास्त असते. कोणीतरी सुचवलेला बदल मूळ संहितेशी ताडून पाहणे, तो का सुचवला गेला याचा अंदाज घेणे आणि बहुतेक वेळा तो नाकारणे, असा त्याचा दिनक्रम असतो. पाठचिकित्सकाला तो परका वाटू नये. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत ‘खालशाची धाड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सैनिकी हल्ल्यात नष्ट झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली असे परंपरा सांगते, त्यामुळे पिढीपाठ, हिराइसापाठ असे तिचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. अशा पोथ्यांचा संपादक एक गोष्ट लवकर शिकतो: न कळलेला शब्द चुकीचा समजून ‘दुरुस्त’ करणारा लेखनिक हा आळशी लेखनिकापेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याची दुरुस्ती वाचायला सोपी असते आणि म्हणूनच ती टिकते.

याचे अगदी हुबेहूब उदाहरण कूटलेखनाच्या क्षेत्रात घडले. २००६ साली ‘डेबियन’ या लिनक्स-प्रणालीसाठी ओपनएसएसएलची आवृत्ती तयार करताना तपासणीच्या एका साधनाने काही ओळींविषयी इशारा दिला. त्या ओळी आरंभी मूल्य न दिलेली स्मृती वापरतात असे त्याचे म्हणणे होते. तक्रार वरकरणी रास्त असल्याने दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांतील एक ओळ मात्र किल्ली घडवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता, म्हणजे कोणालाही आधी ताडता न येणारे आकडे, गोळा करणारी होती. ती गेल्यावर यादृच्छिकतेचा आधार म्हणून उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची संभाव्य मूल्ये ३२,७६८ एवढीच. ज्या किल्ल्या शोधायला विश्वाचे आयुष्य अपुरे पडावे त्या दुपारभरात मोजून काढता येऊ लागल्या, आणि २००८ च्या मेपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

ओपनएसएसएलमध्येच २०१४ साली उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष याहून साधा होता. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक बाजू शब्द आणि त्याची लांबी पाठवते व दुसरी तोच शब्द परत करते. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचेच राहून गेले होते. त्यामुळे चार अक्षरे पाठवून चौसष्ट हजार मागितली की सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, त्यात कधी पासवर्ड तर कधी खुद्द गुप्त किल्लीही, मुकाट्याने हवाली करी. हा दोष दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. त्या काळी या प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलरच्या घरात होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला खरा, पण आधी आग लागावी आणि मग विहीर खणावी, हा क्रम त्यातूनही सुटला नाही.

कोलत्यांसारख्या संपादकाला विद्यापीठाचा आधार होता आणि पाठभेद नोंदवणे हे विद्वत्तेचे काम मानले जात होते. परक्याची संहिता वर्षानुवर्षे वाचत बसणाऱ्या प्रोग्रामरला असा मान अजून मिळालेला नाही. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत काय किंवा अन्यत्र काय, विद्यार्थ्याची परीक्षा होते ती त्याने नवे काय लिहिले यावर. जुन्या लायब्ररीतील एखादी संशयास्पद ओळ का काढू नये, हे सिद्ध करणाऱ्याला गुण देणारी प्रश्नपत्रिका विरळाच.

या दुर्लक्षाचा फायदा घेणारेही निघाले. ‘एक्सझेड’ ही फायली संकुचित करणारी लायब्ररी एक थकलेला माणूस जवळजवळ एकट्याने सांभाळत होता; टोपणनावाने आलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या आरंभी दूरस्थ सर्व्हरमध्ये शिरण्याची चोरवाट तिच्यात बसवली. ही चोरवाट वाचता येणाऱ्या संहितेत नव्हतीच. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला निरर्थक दिसणाऱ्या फायलींत ती सांकेतिक रूपात दडवलेली होती आणि ती उलगडणारी सूचना केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात घातली होती. ती सापडली तीही सुरक्षेच्या तपासणीत नव्हे: सर्व्हरमध्ये प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला स्वस्थ बसू देईना, म्हणून.