शेवळं ओळखणारी मुलं

पावसाळ्याच्या तोंडावर कशेळे, कर्जतच्या बाजारात शेवळं या रानभाजीच्या जुड्या दिसू लागतात. ठाकूर-कातकरी बायका त्या रानातून खुडून आणतात. शेवळं खाजरी, म्हणून भाजीत काकडं ही आंबट रानफळं टाकायची. खुडताना कंद जमिनीतच राहू द्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच नवी शेवळं वर येतात. वाडीवरचं पोर हे सगळं आईच्या मागे हिंडत शिकतं.

तेच पोर शाळेत आलं की जंगलाबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहिलेलं असतं आणि त्याला ठाऊक असलेली ऐन, कुडा, भारंगी वर्गाबाहेरच राहतात. हा त्या मुलावर अन्याय आहे.

तो दूर करण्याची वाट महाराष्ट्रात फार पूर्वीच पडली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, वर्गात येत नसत. दोघींनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणावर नेली. महागड्या साधनांच्या जागी पानं, बिया, खडे, शिंपले आले.

कशेळ्याला तर असं रानातून शिकवण्याची सोय दाराशी आहे. खांडसवरून वर चढलं की भीमाशंकर अभयारण्य; शेकरूसाठी ते 1985 मध्ये घोषित झालं. गावातच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने औषधी वनस्पती आणि भाताच्या देशी वाणांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

लहानांना जंगल शिकवताना ते संपत चालल्याची भीती आधी घालू नये. आधी एक झाड नीट ओळखीचं होऊ द्यावं. पण गोड चित्रही रंगवू नये. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, शेतकरी ऐनाच्या फांद्या तोडतो, हे मुलं बघतातच. किती तोडायचं, कुठे थांबायचं, यावर सात-आठ वर्षांचं मूलही बोलू शकतं, विचारलं तर.

मुंबई-पुण्याच्या शाळा निसर्ग शिबिरांसाठी कर्जतला मुलं आणतात. पैसे राहण्याचे, जेवणाचे, बसचे मोजले जातात. पायवाटेवर झाडं दाखवणाऱ्या ठाकूर आजीलाही शिक्षिका म्हणून ठरवून मानधन द्यायला हवं, आणि गावच्या शाळेनेही तिला आठवड्यातून एक तास बोलवायला हवं.