बेकारभत्ता आणि माझी नियत

हाताला काम नसलेल्या माणसाला सरकारने पैसे द्यावेत का, असे कोणी विचारले की माझ्या मनात विचाराआधी शंका उभी राहते. हा माणूस खरोखर काम शोधतो आहे ना? पैसे मिळू लागले तर शोधणे सोडून देणार नाही ना? पैसा घरात जाईल की गुत्त्यावर? ज्या माणसाला मी कधी पाहिलेले नाही, त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मला आधी हवा असतो. या शंकेत सावधपणा किती आणि कोतेपणा किती, हे स्वतःशीच तपासून पाहावे असे बरेच दिवस वाटत होते.

तपासणी माझ्या पगारपत्रकापासून सुरू करतो. त्यात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. शहरात बारा महिने कमावणाऱ्याने गावात काम नसलेल्याच्या मजुरीसाठी थोडे द्यायचे, आणि तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो विचार होता. या राज्याने नोकरदार आणि बेकार यांच्यात एक नाते कायद्याने जोडले. मी त्या नात्यातला देणेकरी आहे. कापला जाणारा प्रत्येक पैसा मला टोचतो, पण तो कोणासाठी ठरला होता याची चौकशी मला करावीशी वाटत नाही. शिवाय महिना लाखभर कमावणारा आणि त्याच्या इमारतीच्या दारात बारा तास उभा राहणारा रखवालदार, दोघांचेही २०० रुपयेच कापले जातात. हेही मला कधी खटकले नाही.

रोजगार हमी योजनेमागे होते विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी साठच्या दशकातच तिचा प्रयोग करून पाहिला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. मे महिन्याच्या उन्हात बायका खडी फोडत होत्या, घरची घरे पाझर तलावाच्या भरावावर पाट्या वाहत होती. मिलो आणि सुकडी या मदतीच्या अन्नावर काढलेले ते दिवस मराठवाड्यात, नगर-सोलापुरात अजून सांगितले जातात. लोकांना कामच नको असते, त्यांना बसून खायची सवय लागली आहे, हे वाक्य मी आजूबाजूला इतक्यांदा ऐकतो की ते मला खरे वाटू लागते. त्या ५० लाखांपुढे ते टिकत नाही. दगड फोडण्याशिवाय दुसरे काही मिळत नसताना माणसांनी दगड फोडले. काम मागणाऱ्याने यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा?

पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता. तो भत्ता दिवसाला किमान १ रुपया होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली. मागणीपासून १५ दिवसांत काम द्यायचे. ते जमले नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा आणि त्यानंतर निदान निम्मी रक्कम भत्ता म्हणून द्यायची, असे त्या कायद्याने ठरवले. हा भत्ता खैरात नव्हता. सरकारने शब्द दिला आणि तो पाळला नाही, म्हणून सरकारला बसणारा तो दंड होता.

हा दंड सरकारने प्रत्यक्षात क्वचितच भरला. त्या कायद्याखाली काम हवे असेल तर ग्रामपंचायतीत नमुना चार भरून मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नसेल तर १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नसे. मजुरीचा पैसा केंद्राकडून येणार आणि भत्त्याचा भार मात्र राज्यावर पडणार, अशी रचना असल्यामुळे मागणी कागदावर यावी असे वरपासून खालपर्यंत कोणालाच फारसे वाटत नसे. मग काम मागायला आलेल्या बाईला तोंडी सांगितले जाई, काम निघाले की कळवू. ती घरी जाई. काम निघाले तर मागणीची तारीखही त्याच सुमाराची पडे आणि मधले रिकामे दिवस कोणत्याच दप्तरात उरत नसत. भत्ता देण्याची वेळच येत नसे.

माझी तपासणी इथे अवघड होते. नमुना चार काय असतो आणि पोच का महत्त्वाची असते, हे मला कळते. मला वाचता येते, अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. माझा पगार चार दिवस लांबला तर मी लेखा विभागाच्या दारात उभा राहतो. महागाई भत्त्याचा हप्ता अडला की आम्ही सगळे मिळून निवेदन देतो. भविष्य निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, आजारपणाची रजा या सगळ्यांना मी हक्क म्हणतो, आणि ते हक्कच आहेत. बेकाराला मिळणाऱ्या पैशाला मात्र माझ्याच बोलण्यात ‘फुकटचे’ हे विशेषण लागते. दोघांचाही आधार कायदाच आहे. फरक इतकाच की माझ्या हक्कामागे संघटना आहे, आणि त्या बाईच्या हातात पोचही नाही.

गावाकडचे नातेवाईक भेटले की एक तक्रार हमखास निघते: रोजगार हमी आल्यापासून शेतावर मजूर मिळत नाहीत. या तक्रारीला मी मान डोलावतो. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पिकाला भाव नाही आणि मजुरी वाढते, या कात्रीत तो खरोखरच सापडलेला आहे. पण त्या तक्रारीच्या तळाशी काय आहे? दुसरा आधार नव्हता तोपर्यंत बाई मिळेल त्या मजुरीवर येत होती. आधाराची नुसती शक्यता निर्माण झाल्यावर ती नाही म्हणू शकली. माझ्या ताटातले धान्य आणि भाजी स्वस्त राहावी यासाठी कोणाची तरी अगतिकता टिकून राहावी, अशी इच्छा त्या मान डोलावण्यात दडलेली असते. हे स्वतःजवळ कबूल करणे मला सर्वांत जड गेले.

आक्षेपांतही तथ्य आहे, ते झाकून चालणार नाही. रोजगार हमीत बोगस मस्टर भरले गेले, मेलेल्यांच्या नावावर हजेरी लागली, कागदावर तळी खोदली गेली. ही चोरी मजुरांच्या नावाने झाली, पण हजेरीपट बहुतेक वेळा दुसऱ्याच हातांनी भरला होता. ठेकेदार, मुकादम आणि सही करणारा साहेब यांच्या अपराधाचा राग मी मात्र रांगेतल्या मजुरावर काढतो, कारण तो माझ्यापेक्षा दुबळा आहे. पैसा नीट पोहोचावा यासाठी कडक तपासणी हवीच. ती देणाऱ्याच्या टेबलावर आधी व्हावी, घेणाऱ्याच्या झोपडीत नंतर.

शहरात तर रोजगाराची अशी हमीही नाही. राज्य कामगार विम्याखाली असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत मदत मिळते. आधी ती सरासरी वेतनाच्या २५ टक्के होती, २०२० मध्ये ५० टक्के केली गेली. पण त्यासाठी विम्यात नाव हवे. घरकाम करणाऱ्या मावशी, नाक्यावर उभे राहणारे मजूर, भाजीची गाडी लावणारे यांचे नाव त्यात नसते. टाळेबंदीत हे सर्वांनी पाहिले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले होते आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. काम थांबल्यावर महिनाभर तरी घरभाडे आणि किराणा भागेल अशी रक्कम त्यांच्या खात्यात आपोआप आली असती, तर त्यांना चालत जावे लागले नसते. त्या दिवसांत अनेकांनी डाळ-तांदूळ वाटले, ते चांगलेच केले. पण माझ्यासकट सगळ्यांची दया थोड्या दिवसांत थकते. म्हणून मदत कायद्यात लिहिलेली हवी.

संविधानाच्या ४१ व्या कलमात काम मिळण्याचा अधिकार आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सरकारी साहाय्याचा अधिकार राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. कुवत किती, हे शेवटी माझ्यासारखे करदाते आणि मतदार ठरवतात. उद्या माझी नोकरी गेली तर मी सरकारी मदत नाकारीन का? मुळीच नाही. मी ती हक्काने मागेन, आणि इतकी वर्षे कर भरला हे बजावूनही सांगेन. जे मी स्वतःसाठी मागेन ते दुसऱ्याला देताना कुरकुर करायची असेल, तर माझ्या नीतीत खोट आहे.

यातून मी माझ्यापुरते काही ठरवले आहे आणि वाचकांकडेही तेच मागतो. गावी गेल्यावर ग्रामसभेत विचारा: कामाच्या मागण्या किती आल्या, पोच किती जणांना दिली, भत्ता किती जणांना मिळाला? शहरात आपल्या इमारतीच्या रखवालदाराचा आणि सफाई कामगाराचा विमा ठेकेदार भरतो का, हे सभेत विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. भरत नसेल तर ठेका बदला, आणि त्यामुळे देखभालीचे शुल्क वाढले तर ते भरा. बेकाराला आधार देण्याचा खर्च कोणीतरी उचलायचाच असतो. आज तो उपाशी राहून बेकारच उचलतो आहे. तो आपण वाटून घ्यायला हवा.