३९ फुटांचा इशारा कुणासाठी?

दुष्काळात मदत कुणाला द्यायची, हा प्रश्न ब्रिटिश सरकारने एकाच कसोटीवर सोडवला होता: अंगमेहनत जमते का? १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. धडधाकट माणसाने खडी फोडावी, माती वाहावी, मजुरी घ्यावी. ज्यांच्याने ते होत नाही अशा म्हाताऱ्यांना, आंधळ्यांना, पांगळ्यांना गावातच फुकट मदत मिळावी, आणि त्यासाठी त्यांची यादी करावी. या व्यवस्थेला दयाळू म्हणायला जीभ रेटत नाही. तिचा सारा डोळा खर्चावर होता. तरी गावात असहाय कोण आहे, हे नावानिशी ठाऊक असले पाहिजे, एवढे तिने ओळखले होते.

दुष्काळ सावकाश येतो, याद्या करायला उसंत देतो. पूर आणि भूकंप ती देत नाहीत. म्हणून विसाव्या शतकातल्या आपत्तीच्या विचारात आधी बोटी, तंबू, अन्नाची पाकिटे आली. म्हातारी आणि अपंग माणसे उरली ती ‘महिला, बालके, वृद्ध व अपंग यांना प्राधान्य द्यावे’ या वाक्यात. हे वाक्य आजही आराखड्याआराखड्यांतून फिरते. त्यात लोकसंख्येचा निम्म्याहून मोठा भाग येतो, त्यामुळे प्राधान्य कुणालाच मिळत नाही.

विचाराने खरे वळण घेतले ते १९७६ च्या सुमारास. ‘नेचर’ या नियतकालिकात ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर या तीन अभ्यासकांनी ‘नैसर्गिक आपत्ती’ ही कल्पनाच तपासायला घेतली. जमीन हादरते ती निसर्गाने. पण त्यात मरते कोण, हे समाजाची घडण ठरवते, असा त्यांचा रोख होता. त्याचा पडताळा १९९५ च्या जुलैत शिकागोत आला. उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत एकेकटी राहणारी वृद्ध माणसे फार होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. गरीब म्हाताऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच. पण जिथे दुकाने चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, तिथे म्हातारी माणसे घराबाहेर पडत आणि वाचत. दुसरीकडे ती भीतीने दार लावून आत राहिली.

अपंगांच्या चळवळीने यात आणखी एक मुद्दा आणला: आमच्याविषयीचे निर्णय आमच्याविना घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातले अकरावे कलम आपत्तीतल्या संरक्षणाबद्दलच आहे. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या दोनच वर्षे आधी आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला होता. त्याचे ६१ वे कलम सांगते की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव होऊ नये. त्यात अपंगत्व नाही, वयही नाही. मुद्दाम वगळले असेल असे मला वाटत नाही. कुणाला सुचलेच नसावे, आणि ते अधिक बोलके आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. त्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचवायची. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा यादीपाशी आलो, या वेळी हक्क म्हणून.

पण नुसती यादी माणसाला उचलून नेत नाही. हे जपानइतके कुणी सोसलेले नाही. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत अपंगांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट होता. अनेक नगरपालिकांकडे याद्या होत्या. पण खासगी माहिती उघड करायची नाही म्हणून त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेल्याच नव्हत्या. मदतीला धावलेले कितीतरी स्वयंसेवकही लाटेत गेले. २०१३ मध्ये कायदा बदलून याद्या सक्तीच्या झाल्या. २०२१ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले: यादीतल्या प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आली. कोण न्यायला येणार, कोणत्या वाटेने, कुठे. त्याच वर्षी इशाऱ्याच्या पातळ्याही नव्याने स्पष्ट केल्या. चौथी पातळी सगळ्यांनी घर सोडण्याची. तिसरी फक्त वृद्ध आणि ज्यांना हालायला वेळ लागतो अशांची. सगळ्या प्रवासात मला हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यात दया नाही, हिशेब आहे.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. या चार फुटांचा वेळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा आहे, असे आपल्याकडे अजून कुणी ठरवून दिलेले दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले. ‘२००५ ला पाणी इथवरच आले होते’ या भरवशावर अनेकजण घरातच थांबले होते. याला हट्ट म्हणणे सोपे आहे. म्हातारीला ज्या शाळेत नेणार तिथला संडास चार पायऱ्या उतरून असेल, व्हीलचेअर ‘सामान’ म्हणून मागे टाकावी लागणार असेल, तर घर न सोडणे हा वेडेपणा नाही. बहिऱ्याला भोंगा ऐकू येत नाही. आणि रंगीत तालमीत बोटीत चढायला नेहमी तरणी पोरेच का असतात?

येत्या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत एवढे विचारा: आपल्या गावातल्या दिव्यांगांची आणि एकट्या वृद्धांची यादी आहे का, ती कुणाकडे आहे, आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे आहेत का? दोन, कारण एकजण त्या दिवशी बाजाराला गेलेला असू शकतो. आणि विचारायला जाल तेव्हा यादीतल्याच कुणाला तरी सोबत घेऊन जा.