थर वाचण्याची साधना



जॉर्डन नदीच्या पश्चिमेला, मृत समुद्राजवळ यरीहो हे अतिप्राचीन नगर आहे. बायबलमधील कथेनुसार यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी सात दिवस या नगराभोवती फेऱ्या घातल्या. सातव्या दिवशी रणशिंगे वाजली, लोकांनी मोठा गजर केला आणि तट कोसळला.

१९३० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॉन गारस्टँग यांना तिथे खरोखरच कोसळलेला तट सापडला. तो यहोशवाच्या काळातला आहे, असे त्यांनी जाहीर केले. कथेला मातीनेच साक्ष दिली, असे अनेकांना वाटले.

पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी त्याच टेकाडावर उत्खनन केले. त्यांचे वडील सर फ्रेडरिक हे बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचे थोर अभ्यासक होते. म्हणजे हा ग्रंथ त्यांच्या घरातलाच. उत्खननाची शिस्त त्या मॉर्टिमर व्हीलर यांच्याकडे शिकल्या. हेच व्हीलर पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक झाले.

या पद्धतीत चौकोनी खड्डे खणतात आणि दोन खड्ड्यांमध्ये मातीची एक भिंत न खणता राखतात. त्या भिंतीच्या उभ्या कापावर थर दिसतात : राख, ढासळलेल्या विटा, त्यावर पुन्हा वस्ती. कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे तिथे पडताळता येते. नुसती वस्तू हाती लागून भागत नाही.

थरांनी सांगितले ते वेगळेच होते. तो तट यहोशवाच्या मानलेल्या काळापेक्षा सुमारे हजार वर्षे जुना निघाला. नंतरचे नगर इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास जळून गेले होते. यहोशवाच्या काळातला तट केनियनना मिळालाच नाही. अनेकांना न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा मांडला.

साधकहो, आपणही अंतरंगात उत्खननच करत असतो. पण बहुधा उत्तर आधी ठरवून खणतो. ‘माझ्या रागाला समोरचाच कारण’ असे मनात धरले की तसाच पुरावा हाती लागतो. आजच्या रागाखाली कालचा अपमान असतो, त्याखाली जुने भय असते. हे थर कालवले की वर्षानुवर्षांचा हिशेब आपण घरातल्या एखाद्या निष्पाप माणसाकडून वसूल करतो. म्हणून एक भिंत न खणता राखावी लागते. तिचे नाव साक्षीभाव.

‘मग श्रद्धेचे काय?’ असे कोणी विचारेल. सत्य समजल्याने जी ढासळते, ती आपली समजूत. श्रद्धा म्हणजे जे निघेल ते स्वीकारण्याचे धैर्य. केनियनना अपेक्षित तट मिळाला नाही, पण त्याहून कितीतरी खाली सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज सापडला. त्याच्या आत पायऱ्याही आहेत. हव्या त्या उत्तरापाशी खणणे थांबले असते, तर इतक्या खोलवर कोण पोहोचले असते?

आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. दिवसातला एकच क्षोभ घ्या. त्याला चांगले-वाईट म्हणू नका, फक्त विचारा : हा कोणत्या थरातला? उत्तर गैरसोयीचे आले, तरी तेच राहू द्या.