शिस्त आणि छळ

गेल्या श्रावणात आमचा नातू शाळेतून आला तो उजवी मूठ मिटूनच. सूनबाईने ती उघडून पाहिली. बोटांच्या पेरांवर पट्टीचे वळ होते. पाढा चुकल्याची शिक्षा. मी सहज म्हणालो, "एवढ्याने काय होते? आम्ही वेताच्या छड्या खाल्ल्या, म्हणून तर चार अक्षरे आली." ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मामंजी, छडी बसली त्या दिवशी तुम्हांला काय वाटले होते?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पन्नास वर्षे ती गोष्ट मी हसत सांगत आलो. परंतु भीतीने त्या दिवशी माझी विजार भिजली होती, एवढा भाग नेहमी गाळीत आलो.

मुलांचा छळ कशास म्हणावे, हे आपण विवेकाने ठरवितो असा आपला समज असतो. वस्तुतः आपण जे सोसले ते शिस्त वाटते आणि जे सोसले नाही ते क्रौर्य. यात केवळ सवय नाही. आपल्या माराला छळ म्हणावे, तर ज्या वडिलांची तसबीर आपण रोज पुजतो त्यांच्याकडे बोट जाते. म्हणून जीभ अडखळते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिपटीने मारते. ते वाचून आमच्या पिढीला तिची माया दिसली. आजच्या आईच्या अंगावर काटा येतो.

आपल्या वडगावात मागावर वाढलेल्या माणसाला, पोराने कांड्या भरल्या तर तो घरचा धडा वाटतो. परक्याला ती बालमजुरी दिसते. निपाणीकडे विड्यांचेही तसेच. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना विडीकाम मना केले, पण घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. २०१६ च्या दुरुस्तीने ती आवळली, तरी शाळा सुटल्यावर, धोका नसेल तेथे, घरच्या धंद्यात हातभाराची मुभा राहिलीच. कायदा करणारेही कोणत्या तरी घरातच वाढलेले!

मग ज्याचे त्याच्यापाशी खरे, असे म्हणून सोडावे काय? मला ते पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीला मुली वाहणारे आईबाप स्वतःस छळवादी समजत नव्हते. ते नवस फेडीत होते, आणि पुष्कळांच्या घरी आजीपासून तेच चालत आले होते. १९८२ साली कर्नाटकाने ती प्रथा कायद्याने बंद केली, तेव्हा त्या मुलींचे काय झाले हे पाहिले गेले; आईबापांचा हेतू नव्हे. देवाच्या नावाने घडलेले हे आपण देवळाच्या पत्रिकेत तरी लपवू नये.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शाळेतील मारास मनाई करते, हे वाचून गेलो होतो. गुरुजी तिशीतले, अदबीने उठून उभे राहिले. मी कलमाचा उल्लेख करण्यापूर्वीच ते हसून म्हणाले, "आजोबा, आम्हीसुद्धा असेच शिकलो की!"

मी त्यांना विचारले, "त्या दिवशी तुम्हांला काय वाटले होते?"

ते उत्तर देईनात. मीही घाई केली नाही.