अंधारातील दृष्टी

1945 साली ओकिनावाच्या लढाईत काही अमेरिकन शिपायांच्या बंदुकांवर अंधारात पाहण्याची दुर्बीण होती. आता टेक्सासातील शेतकरी लहानसा कॅमेरा, पडदा व अवरक्त किरणांचा दिवा बंदुकीच्या दुर्बिणीस जोडून तसलेच साधन थोडक्या खर्चात घरी करितो; पिके उकरणारी रानडुकरे त्यास मारावयाची असतात. यात आम्हांस दोष दिसत नाही. परंतु पडद्यावर केवळ करडी आकृती उमटते. ती डुकराची की शेजाऱ्याच्या वासराची, आणि तिच्यामागे कोणाचे घर आहे काय, हे ओळखणे पाहणाऱ्याकडेच राहते. पूर्वी काळोख मनुष्याचा हात आवरीत असे. आता त्याने तो स्वतःच आवरला पाहिजे. ज्याची खात्री नाही, त्याने चाप ओढू नये, असे आमचे मत आहे.