फाटक्या कातडीचे पुण्य

मांजरीत राहून माशांविषयी लिहायचे म्हणजे गावाच्या नावाला जागणेच झाले! पण हा मासा युरोपातल्या नद्यांतला. नाव मिनो. अंगाने बोटाएवढा आणि वृत्तीने मध्यमवर्गीय: चारचौघे जातील तिकडे जायचे.

मिनोच्या कातडीत एक द्रव्य असते. कातडी फाटली की ते पाण्यात उतरते आणि त्या वासासरशी बाकीचे मासे पसार होतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे 1938 साली जाहीर केले. पुढे 1973 चे नोबेल त्यांना मिळाले, ते मात्र मधमाश्यांच्या कामाबद्दल. मिनोची फाइल तिथेही मागेच राहिली.

आता प्रश्न असा, की जखमी माशाला पुण्य लागते का? आमचे शेजारी अण्णा म्हणतात, "छे हो! वाघाने खाल्लेल्या बकरीला कुणी दानशूर म्हणतं का?" मुद्दा बिनतोड आहे. काही शास्त्रज्ञांच्या मते तर ते द्रव्य मुळात कातडीच्याच रक्षणासाठी असावे. इशारा हा वरकड फायदा.

माणसाचे तसे नाही. बँकेच्या खिडकीतून मी पाहतो ना! एखादे गृहस्थ मुदतठेव मोडतात आणि वर्षात दामदुप्पट देणाऱ्याच्या हवाली करतात. पैसे बुडतात. पण सोसायटीत कुणी विचारले, की "मजेत चाललंय!" महिन्याभरात त्यांचेच शेजारी आपली पावती मोडायला हजर. एका खातेदाराची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमचा नियम, आणि तो रास्तच आहे. म्हणजे बोलू शकतो तो एकटाच, ज्याची कातडी फाटली. आणि त्याला अब्रूची पडलेली!

मिनोचे भाऊबंद आपल्या मुळा-मुठेतही आहेत. कर्नल साइक्स यांनी 1839 साली नोंदवलेला खडशी महसीर त्याच गोतातला. पण अख्ख्या पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन नदी मांजरीला येते. पाण्यात तांब्यासारखे धातू मिसळले, की माशांचे नाक बधिर होते, असे प्रयोगांत दिसले आहे. मग इशारा असूनही पोचत नाही. आपल्याकडे तेच काम 'लोक काय म्हणतील' हे वाक्य करते.

माझा हिशेब साधा आहे. मासा गप्प बसूच शकत नाही, म्हणून त्याच्या खाती पुण्य शून्य. माणूस गप्प बसू शकतो, म्हणूनच "अहो, मी बुडालो, तुम्ही जाऊ नका" एवढे म्हणणाऱ्याच्या खाती ते जमा होते. शिवाय हीच एक ठेव अशी, की जिच्यात बुडालेल्यालाही व्याज मिळते.